एक पतंग, एक पक्षी आणि हाकेला मिळणारी ओ

दिंडोरी, निफाड, गिरणारे या पट्ट्यात टोमॅटोच्या प्लॉटमध्ये शिरलं की तारकाठीच्या रांगांत अधूनमधून एक प्लास्टिकचं नरसाळं टांगलेलं दिसतं. वर झाकण, खाली लांबट पिशवी, आणि झाकणाच्या आत बोटाच्या पेराएवढी रबराची गुंडी. हा कामगंध सापळा. सकाळी पिशवीतले पतंग मोजायचे आणि त्या आकड्यावरून औषध कधी मारायचं ते ठरवायचं. पिशवीत सापडतात ते सगळे नर. रबराच्या गुंडीतून मादीचा वास येत असतो, तिने बोलावलं असं समजून नर येतात आणि पिशवीत पडतात.

हा पतंग म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. हरभऱ्यात सापडली की हिच्या अळीला आपण घाटेअळी म्हणतो, कपाशीत अमेरिकन बोंडअळी, टोमॅटोत फळ पोखरणारी अळी. जीव एकच. मातकट, पिवळसर-तपकिरी रंगाचा, पंख पसरले तर साडेतीन-चार सेंटिमीटर. अंगणातल्या दिव्याखाली आला तर कुणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही.

दुसरा जीव इथून फार लांबचा, प्रशांत महासागरातला. हवाई द्वीपसमूहातल्या काउआई बेटावर आलाकाई नावाचं उंचावरचं दलदलीचं जंगल आहे. त्याला लागून असलेल्या वायआलेआले डोंगरावर इगतपुरीत पडतो त्याच्या तिपटीच्या आसपास पाऊस पडतो. या जंगलात काउआई ओओ नावाचा पक्षी राहायचा. साळुंकीपेक्षा जरा लहान, काळपट, मांड्यांवर पिवळी पिसं, किंचित बाकदार चोच. फुलांतला मध प्यायचा, किडे-कोळी खायचा, जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करायचा. गळा मोकळा आणि घुमणारा. १९८१ साली त्याची एकच जोडी उरल्याचं आढळलं. नोव्हेंबर १९८२ मध्ये इवा नावाचं चक्रीवादळ बेटावर आलं आणि त्यानंतर मादी दिसली नाही. नर १९८५ पर्यंत दिसला, १९८७ पर्यंत ऐकू आला. त्याच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण आज कुणालाही इंटरनेटवर ऐकता येतं.

एक पतंग, तो मारायला आपण दर हंगामात पैसे मोजतो. एक पक्षी, तो वाचावा म्हणून धडपडूनही हाती लागला नाही. या दोघांची तुलना करायची कारण दोघांपुढचा प्रश्न एकच होता: अंधारात किंवा दाट झाडीत, दूर कुठेतरी असलेल्या आपल्या जोडीदाराला बोलवायचं कसं, आणि त्याने ओ दिली नाही तर काय. पतंग चिवट म्हणून टिकला आणि पक्षी नाजूक म्हणून गेला, हे उत्तर तोंडावर पटकन येतं. मला ते पटत नाही. खरं उत्तर बरंचसं गणितात आहे.

हजार अंडी आणि दोन पिल्लं

घाटेअळीची एक मादी आपल्या दोन-तीन आठवड्यांच्या आयुष्यात पाचशे ते हजार, कधी त्याहूनही जास्त अंडी घालते. एकेक सुटं, कोवळ्या शेंड्यावर, फुलाजवळ. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते, दोन-तीन आठवडे खाते, मग जमिनीत उतरून कोष करते. उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा महिना-सव्वा महिन्यात पुरा होतो.

आता हजार अंड्यांचा हिशेब धरू. पतंगांची संख्या आहे तेवढीच राहायची असेल तर हजारातली किती जगायला हवीत? फक्त दोन, आई-बापाच्या जागी. उरलेली नऊशे अठ्ठ्याण्णव मेली तरी संख्येला धक्का लागत नाही. ती मरतातही: पावसाने धुतली जातात, परजीवी गांधीलमाश्या त्यांच्यात अंडी घालतात, विषाणूने सडतात, पक्षी खातात. अळ्या एकमेकींनाही खातात. पण एखाद्या वर्षी हवामान जुळलं आणि दोनाऐवजी चार जगल्या, तर संख्या दुप्पट. असं ओळीने पाच पिढ्या झालं तर बत्तीसपट, आणि पाच पिढ्या म्हणजे जेमतेम सहा महिने. आपण "यंदा अळीने कहर केला" म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात तिच्या मरणाच्या प्रमाणात हजारी दोनचा फरक पडलेला असू शकतो.

ओओचं घरटं शास्त्रज्ञांना पहिल्यांदा १९७१ मध्ये सापडलं. त्यात दोन पिल्लं होती. दोन अंड्यांतून येणाऱ्या जिवांना नऊशे अठ्ठ्याण्णवाची सूट नसते. उंदराने घरटं लुटलं की त्या विणीचं सगळंच गेलं. पतंग मूठ-मूठ बी फेकून पेरतो, पक्षी एकेक रोप हाताने लावून पाणी घालतो. दोन्ही पद्धती लाखो वर्षं यशस्वी ठरल्या आहेत. फरक पडतो तो अचानक नवा शत्रू आला की.

त्यात पतंगाचं जेवणही सोपं. हरभरा, तूर, टोमॅटो, कपाशी, मका, सूर्यफूल, झेंडू. भारतातच त्याच्या खाद्यवनस्पतींची यादी पावणेदोनशेच्या पुढे जाते. नाशिक जिल्ह्यात वर्षाचा असा महिना शोधून दाखवा ज्यात यातलं एकही पीक उभं नसेल. पावसाळी टोमॅटो संपेपर्यंत मालेगाव-येवल्याकडची कपाशी फुलात असते, ती उपटेपर्यंत हरभऱ्याला घाटे धरतात. शिवाय पतंग वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. आशिया, आफ्रिका, युरोप, ऑस्ट्रेलिया हे त्याचं जुनं घर. अमेरिकन म्हणवली जाणारी ही बोंडअळी अमेरिका खंडात नोंदली गेली ती चक्क २०१३ मध्ये, ब्राझीलमध्ये.

ओओकडे जाण्यासारखी दुसरी जागाच नव्हती. शेजारच्या बेटांवर त्याचे चार भाऊबंद होते, ते आधीच संपले होते. तो फक्त काउआईचा, आणि शेवटी शेवटी तर फक्त आलाकाईचा.

वासाची हाक, गळ्याची हाक

पतंगांमध्ये हाक मादी मारते. रात्री ती एका जागी बसते, पोटाच्या टोकाची ग्रंथी बाहेर काढते आणि वाऱ्यावर वास सोडते. आपल्या नाकाला त्यातलं काही कळत नाही. नराच्या मिशांवर मात्र या वासाचे रेणू पकडणारे बारीक केस असतात. वास लागला की तो वाऱ्याच्या उलट दिशेने नागमोडी उडत येतो. माग सुटला की आडवा फिरून पुन्हा शोधतो.

घाटेअळीच्या वासात दोन मुख्य रसायनं असतात आणि त्यांचं प्रमाण साधारण सत्त्याण्णवास तीन असं असतं. जवळच्या जातींमध्ये घटक सारखे असले तरी प्रमाण वेगळं, त्यामुळे भलताच नर सहसा येत नाही. सापळ्यातल्या गुंडीत हेच मिश्रण कारखान्यात बनवून भरलेलं असतं. म्हणूनच कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीची गुंडी टोमॅटोत लावून उपयोग नाही, आणि दुकानदाराने दिली ती घेऊन आलो असं करू नये. सलग दोन-तीन रात्री एका सापळ्यात आठ-दहा पतंग आले तर उपायाची वेळ आली, असं कृषी विद्यापीठांचं साधारण सांगणं असतं.

पतंग मुका असला तरी बहिरा नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. या कुळातल्या पतंगांच्या छातीच्या दोन्ही बाजूंना कान असतात. एकेका कानात ऐकण्याच्या पेशी फक्त दोन. तेवढ्यावर त्याला वटवाघळाचा आपल्याला ऐकू न येणारा आवाज कळतो आणि वटवाघूळ जवळ आलं की तो गिरकी घेतो किंवा पंख मिटून सरळ खाली पडतो.

गायक पक्ष्यांचा मामला निराळा. त्यांचा आवाज घशाच्या वरच्या टोकाला तयार होत नाही. श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे फुटते, तिथे तळाशी त्यांचं स्वरयंत्र असतं. दयाळ, बुलबुल, शिंपी, साळुंकी हे सगळे याच गटातले. शास्त्राच्या हिशेबाने कावळाही गायक पक्षीच, कुणाला पटो न पटो. या गटाचं वैशिष्ट्य असं की पिल्लू गाणं पोटातून शिकून येत नाही. ते मोठ्यांचं ऐकतं, अडखळत गुणगुणतं, चुकतं आणि मग त्याचं गाणं बसतं.

पतंगाच्या नराला मादीचा वास ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. जगात एकच नर उरला तरी त्याची ओळख शाबूत. गायक पक्षी कमी झाले की मात्र शिकवणारे कमी होतात. ऑस्ट्रेलियात रीजंट हनीईटर नावाचा एक पक्षी आहे, संख्या काही शेकड्यांवर आलेली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्यातले काही नर आपल्या जातीचं गाणंच गात नाहीत, दुसऱ्याच पक्ष्यांची गाणी उचलतात, कारण ऐकायला जवळपास आपला मोठा नर नसतो. अशा नरांना जोडी मिळणं कठीण जातं. जात जिवंत असते, पण तिच्या हाकेची मोडतोड सुरू झालेली असते.

इथे एक महत्त्वाची कल्पना समजून घ्यायला हवी. वॉर्डर क्लाइड ॲली नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात दाखवलं की विष मिसळलेल्या पाण्यात एकटा गोल्डफिश लवकर मरतो, पण मासे गटात असतील तर जास्त वेळ टिकतात. आपल्याला सहसा उलट वाटतं: संख्या कमी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला जास्त अन्न, जास्त जागा, म्हणजे भरभराट. एका मर्यादेपर्यंत ते खरंही आहे. त्या मर्यादेखाली मात्र संख्या घटणं हेच पुढच्या घटीचं कारण बनतं. जोडीदार सापडत नाही, शिकवणारे नसतात, एका वादळात निम्मी जात जाते. याला ॲली परिणाम म्हणतात. १९७० च्या आसपास ओओंची संख्या तीन डझनांच्या घरात असावी असा अंदाज होता. तेव्हाच तो या उतारावर होता. १९८२ नंतर उरलेला नर पाच वर्षं जिवंत होता, गात होता, पण जात त्या वादळातच संपली होती.

गंमत म्हणजे शेतात आपण हाच परिणाम मुद्दाम घडवून आणायला बघतो. गुलाबी बोंडअळीसाठी कपाशीच्या झाडांना मादीचा वास सोडणाऱ्या छोट्या दोऱ्या बांधतात. सगळं शेत वासाने भरलं की नराला खरी मादी कुठे आहे हे कळेनासं होतं. पतंग मरत नाही, फक्त हाकेला ओ मिळत नाही. पण शेजारच्या शिवारातून मिलन झालेली एखादी मादी उडत आली तरी मेहनत वाया. म्हणून हा उपाय एकट्याने एका एकरावर करण्यापेक्षा अख्ख्या गावाने मिळून केला तर लागू पडतो.

नाशिकच्या गटारातला डास

ओओ त्या उतारावर पोहोचला कसा? जंगलतोड, उंदीर, डुकरं, ही कारणं आहेतच. पण मुख्य आरोपी आपल्या ओळखीचा आहे. क्युलेक्स क्विंक्विफॅसिएटस. नाशिकच्या गटारांत, शौचालयाच्या टाक्यांत वाढणारा, रात्री कानाशी गुणगुणणारा, इकडे हत्तीरोग पसरवणारा साधा घरगुती डास.

हवाईत मुळात डासच नव्हते. १८२६ मध्ये एका जहाजाच्या पिंपांतल्या पाण्यातून ते माउई बेटावर उतरले असं मानलं जातं. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर पक्ष्यांचा मलेरिया आला. हा माणसाला होत नाही, त्याचा जंतू वेगळा. आपल्याकडचे पक्षी डास आणि मलेरिया यांच्याबरोबर लाखो वर्षं राहत आले आहेत, त्यांच्या शरीराला ही झुंज ठाऊक आहे. हवाईच्या पक्ष्यांना ठाऊक नव्हती. काही जातींत संसर्ग झालेला डास एकदा चावला तरी बहुतेक पक्षी मरतात.

सुटकेची एक वाट होती: उंची. हा जंतू डासाच्या पोटात वाढायला ऊब लागते. साधारण तेरा अंशांखाली त्याची वाढ थांबते. त्यामुळे ढोबळमानाने पंधराशे मीटरच्या वर पक्षी बरेच सुरक्षित. मोठ्या हवाई बेटावर चार हजार मीटरचे डोंगर आहेत, तिथे काही जातींना आसरा मिळाला. काउआईचं सर्वोच्च टोक १,५९८ मीटर. म्हणजे आपल्या साल्हेरपेक्षा (१,५६७ मीटर) थोडं उंच आणि कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) थोडं ठेंगणं. नाशिक जिल्ह्यातल्या सगळ्या पक्ष्यांनी फक्त साल्हेरच्या माथ्यावर राहायचं ठरवलं तर किती मावतील, तेवढीच ती जागा. आलाकाई तर त्याच्याही खाली. त्यात रानडुकरांनी वृक्षनेच्यांची खोडं उकरून खाल्ली की त्या खळग्यांत पाणी साचून डासांना घर मिळतं.

मग ओओ बदलला का नाही? घाटेअळी बघता बघता बदलते. पायरेथ्रॉइड कीटकनाशकं आली तेव्हा जादूसारखी चालली, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस आंध्रातल्या कपाशीत अळ्या त्यांना दाद देईनाशा झाल्या. कोट्यवधी अळ्यांत दोन-चार अशा असतातच ज्यांच्यावर औषध चालत नाही. बाकीच्या मेल्या की पुढची पिढी त्यांचीच, आणि पुढची पिढी महिन्याभरात हजर. औषधाने अळीला शिकवलं असं आपण म्हणतो, पण कुठलीही एक अळी काही शिकत नाही. आपण फवारून निवड करतो.

पक्ष्यांनाही हाच नियम लागू आहे. हवाई बेटावर आमाकिही नावाचा एक छोटा पक्षी अजून बऱ्यापैकी संख्येने आहे, आणि सखल भागातले आमाकिही मलेरिया सोसायला लागले आहेत. संसर्ग होतो, पण मरत नाहीत. म्हणजे पक्ष्याचं शरीर बदलू शकतं. त्यासाठी मरायला भरपूर जीव लागतात आणि वाचलेल्यांच्या पिढ्यांना वेळ लागतो. छत्तीस पक्ष्यांतून अशी निवड होत नाही.

गेला असं कधी म्हणायचं?

पतंग किती आहेत हे रोज सकाळी पिशवीत कळतं. पक्षी नाही हे सिद्ध करणं भलतंच अवघड. ओओला आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००० मध्ये नामशेष म्हटलं. अमेरिकी सरकारने त्याचं नाव संरक्षित यादीतून 'नामशेष' म्हणून काढलं ते ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणखी वीस जातींबरोबर. हा उशीर आळसामुळे नाही. गेला म्हणून शोध आणि संरक्षण थांबवलं आणि तो कुठेतरी असला तर?

अशी धास्ती वाटायला आपल्या शेजारीच कारण आहे. रानपिंगळ्याचा शेवटचा नमुना १८८४ चा, त्यानंतर एकशे तेरा वर्षं खात्रीची नोंद नाही. १९९७ मध्ये तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी सापडला. पण सातपुडा लांबलचक आहे, तिथे नजरेआड राहायला जागा आहे. काउआईच्या माथ्यावर ती नाही, आणि १९९२ मध्ये तिथून इनिकी नावाचं आणखी मोठं वादळ गेलं.

ओओबरोबर गेलं ते एका जातीपेक्षा मोठं होतं. मधाच्या फुलांत घुसणारी चोच आणि तशी जीभ यामुळे हे पक्षी ऑस्ट्रेलियातल्या मधभक्षी पक्ष्यांचे नातेवाईक समजले जायचे. २००८ मध्ये संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांतून डीएनए काढून पाहिलं तेव्हा कळलं की नातं भलतीकडेच, उत्तरेकडच्या वॅक्सविंग पक्ष्यांशी. मधाच्या नादाने दोन वेगळ्या घराण्यांना सारखं रूप आलं होतं. ओओंचं घराणं वेगळं, दीड कोटी वर्षांच्या आसपास जुनं, पाच जातींचं. काउआई ओओ त्यातला शेवटचा. अलीकडच्या काही शतकांत पक्ष्यांचं अख्खं कुळ संपल्याचं हे एकमेव उदाहरण. घाटेअळीच्या कुळात अजून हजारो जाती आहेत.

काउआईवर आता पुढचा नंबर अकिकिकी या छोट्या पक्ष्याचा आहे. रानात तो बोटांवर मोजण्याइतका उरला, म्हणून अंडी गोळा करून पिंजऱ्यात वाढवला जातोय. पण डास आहेत तोवर त्यांना रानात सोडण्यात अर्थ नाही. त्यासाठी २०२३ पासून माउईवर एक वेगळा प्रयोग चालू आहे. वोल्बाकिया नावाच्या जिवाणूचा एक विशिष्ट प्रकार नर डासांत घालून ते नर मोठ्या संख्येने जंगलात सोडतात. नर डास चावत नाहीत. रानातल्या मादीशी त्यांचं मिलन होतं, पण जिवाणूचा प्रकार जुळत नसल्याने तिची अंडी फुटत नाहीत. सोडलेले नर थोडे दिवसच जगतात, त्यामुळे नवे नर पुन्हा पुन्हा सोडत राहावे लागतात. परिणामी पक्षी वाचवायला निघालेली माणसं सध्या लाखोंनी डास पाळत आहेत.